दोन नावांचा कागद

विम्याच्या अर्जावर नात्यासाठी एकच रकाना,
बोटाच्या पेराएवढा.
पती, पत्नी, अपत्य.
यंदापासून खाली एक नवी ओळ: सहजीवनातील जोडीदार,
आणि तिला चिकटून, मुंगीच्या अक्षरांत:
पुरावे तीन.

मी कागद गिरणीत पगारपत्रकं करते.
लोकांच्या बायकांचे दात, लोकांच्या नवऱ्यांचे गुडघे
माझ्या हाताखालून गेलेत एकोणीस वर्षं.
मार्लिस शाळेची बस चालवते, अर्धवेळ,
म्हणून तिच्या छातीतली धडधड
कुणाच्याच खात्यात बसत नाही.

दोन हिवाळे तिनं ती खोकल्यावर ढकलली.
"बर्फ ओढून होतं असं," म्हणायची,
आणि फावडं माझ्याच हातातून काढून घ्यायची.

त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर
आम्ही सगळे खण उपडे केले.
घर तिच्या वडिलांकडून तिच्या नावावर.
गाडी माझी. वीज माझी. फोन तिचा.
टपालपेटीवर फक्त कोस्की.
तेवीस वर्षं आम्ही हेच तर जपलं होतं,
दोन नावं एका पाटीवर येऊ नयेत;
पाहुणे आले की दुसऱ्या खोलीतली गादी
मुद्दाम चुरगाळून ठेवायची.
आता तेच जपणं अंगाशी आलं.
अख्खं डुलूथ कागद बनवतं
आणि आमच्याकडे एक धड कागद नाही.

पहाटे दोनला सापडला कुत्र्याचा परवाना:
मालक, ए. कोस्की व एम. लिंडग्रेन.
आणि त्याच्याखाली, घडीवर पिवळी पडलेली,
दफनभूमीची पावती.
तळ्याच्या वरच्या चढावर दोन जागा, लगतच्या,
हप्त्यांनी घेतलेल्या.
जिवंतपणी लपलो,
मेल्यावर मात्र लाज सोडायची ठरवली होती म्हणायची.
मार्लिस इतकी हसली
की तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं.

ट्रूडी वेस्टलनं तिन्ही बाजूंनी पाहिलं.
तिच्या काडीमोडाचे कागद मीच फिरवले होते, तिला ते ठाऊक.
"कुत्रा चालत नाही," म्हणाली.
मग पावती हातात घेऊन बराच वेळ गप्प.
"हे चालेल. हे न चालून कसं चालेल?"
जेवणाच्या सुट्टीत आम्ही बँकेत पन्नास डॉलर टाकून
जोडखातं उघडलं.
बस शाळेपुढे तशीच उभी. मार्लिसच्या अंगात बसवाल्यांचं जाकीट.
तिसरा पुरावा ट्रूडीनं आपल्या सहीनं दिला,
साक्षीदार म्हणून,
आणि विचारलं नाही की किती दिवस माहीत होतं.

विमा झाला म्हणजे डॉक्टर मिळाला असं नाही.
पहिल्या दवाखान्यात: "बहीण का?"
दुसऱ्यात: "नातेवाइकांनी बाहेर थांबावं,"
आणि मी तर नातेवाईकसुद्धा नव्हे.
तिसरा टेकडीवरचा, जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत.
तिथल्या नर्सनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली,
मग मान वर न करता:
"आत कोण येणार तुमच्यासोबत?"

कोण लागते, असं नाही. कोण येणार.

मार्लिसनं माझ्याकडे बोट केलं,
बसमध्ये मुलं मोजते तसं.
नर्सनं कोपऱ्यातली खुर्ची पायानं सरकवली,
तिचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून खाली पुठ्ठा घातला.

पहिली तारीख. पगाराची चिठ्ठी मी स्वतःच छापली.
नवरा-बायकोंचा विमा करातून सुटतो, आमचा नाही.
तिच्या गोळ्या, तिची पट्टी, छातीवर डकवलेल्या त्या तारा,
सगळं माझ्या पगारात मिळवून
त्यावर कर कापलाय.
मी ती ओळ पुन्हा पाहिली.
सरकारच्या लेखी मार्लिस लिंडग्रेन
महिना एकशे अठरा डॉलर माझी मिळकत आहे.

चिठ्ठी फ्रिजवर लावली.
ती म्हणाली, अन्याय आहे हा, अर्ज कर.
करीन.
सोमवारी करीन.